आवाज वाढवायचं बटन नसलेला लॅपटॉप

चाचा पहिल्यांदा आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पायऱ्या चढून वर आले तेव्हा मला वाटलं, नातवाच्या ॲडमिशनची चौकशी करायला आलेत. साठीच्या आसपासचा माणूस, बारीक पांढरी दाढी, इस्त्रीचा फिका निळा शर्ट आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्या टेबलावर त्यांनी टॉवेल उलगडला. आत एक छोटासा लॅपटॉप निघाला, शाळेच्या पाटीएवढा. झाकणावर कार्टूनचे स्टिकर आणि एका कोपऱ्याला तडा.

"हे शिकायचंय," ते म्हणाले.

मी कोर्सचा कागद पुढं केला. वर्ड, एक्सेल, टायपिंग, इंटरनेट. त्यांनी तो न बघताच माझ्याकडं परत सरकवला.

"यातलं काय बी नक्को. गाना कसा लावायचा तेवढं शिकवा."

"गाणं तर फोनवर पण लागतं ना, चाचा."

"क्या?"

मी मोठ्यानं सांगितलं. तेव्हा त्यांनी उजवा पंजा माझ्यासमोर धरला. दोन बोटं पहिल्या पेराच्या वर नव्हतीच. "वाळूजला प्रेस शॉपला होतो, अठ्ठावीस वर्षं. पत्रा दाबायची मशीन. ही दोन तिथंच राहिली. बाकीच्यांची कातडी चपलीच्या तळासारखी झाली. टचला माझं बोट कळतच नाय, बेटा. बटनाला कळतं."

उस्मानपुऱ्यातल्या त्या क्लासमध्ये त्यानंतर मी शिकवत होते ती सगळी वर्षं चाचा माझे विद्यार्थी होते. त्यांनी एकही परीक्षा दिली नाही. क्लासच्या मालकांनी एकदा विचारलं की, हे गृहस्थ नक्की कोणत्या बॅचचे. मी म्हटलं, सगळ्या. मालकांनी पुन्हा विचारलं नाही, कारण तोवर चाचा रोज दुपारी येऊन क्लासचे सगळे कीबोर्ड पुसायला लागले होते, आणि तसे स्वच्छ कीबोर्ड आमच्या क्लासनं कधी पाहिले नव्हते.

चाचांना गाता येत नव्हतं, काही वाजवताही येत नव्हतं. "मैं सुननेवाला हूँ," अशी ते स्वतःची ओळख करून द्यायचे, कुणी आपण वकील आहोत असं सांगावं तशी. "गानेवाले गल्लीगल्लीत हायेत. ऐकनारा एखादाच असतो." तरुणपणी कव्वाली ऐकायला ते सायकल मारत खुलताबादला जायचे. भजन रंगलं असलं तर देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बसून ऐकायचे. लग्नात सनईवाला चांगला निघाला तर जेवणाची पंगत उठून जायची आणि चाचा सनईवाल्याशेजारीच बसलेले असायचे.

मग ते प्रेस शॉप. कानात कापसाचा बोळा, एवढाच काय तो आडोसा. कान एका दिवसात जात नाहीत, त्यामुळं गेलेले कळतही नाहीत. चाचांना ते कळलं निवृत्तीनंतर, भाचीच्या लग्नात. जालन्याला एका नामी गवयाला बोलावलं होतं. बायका डोळे पुसत होत्या, म्हातारे माना डोलावत होते. चाचांना तबला ऐकू येत होता, पेटीची खालची बाजू ऐकू येत होती, आणि गवई नुसतं तोंड उघडत होता, मिटत होता.

"मला वाटलं, माईक बंद पडला," ते सांगायचे. "मैं उठके माईकवाले के पास गया. म्हटलं, अरे भाई, जरा बघ, गाना यायला नाय. तो माझ्याकडं बघायला. मग सगळेच बघायले."

घरी येऊन त्यांनी टेपरेकॉर्डर आणि सगळ्या कॅसेट भाचीला देऊन टाकल्या. चाचींनी त्यांना ओढून सरकारी दवाखान्यात नेलं. तपासणी झाली, कानात घालायचं यंत्र मिळालं. बोलणं त्यातून बरं ऐकू यायचं, पण गाणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजायचं. चाचा ते बोलण्यापुरतं लावायचे आणि बाकी वेळ खिशात ठेवायचे. त्याच खिशात दवाखान्यातला तपासणीचा कागदही असायचा, घडी घालून. त्यावर एक रेघ होती. डावीकडून सरळ येणारी आणि मध्येच दौलताबादच्या कड्यासारखी खाली कोसळणारी. चाचा त्या रेघेवर अर्धं बोट ठेवायचे. "इथपर्यंत रस्ता हाय. इथून फुडं खड्डा."

मी त्यांना गाणं लावायला शिकवलं ते दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी मीच जरा शहाणपणा दाखवायला म्हणून त्यांच्या लॅपटॉपमध्ये एक फुकटातलं इक्वलायझर टाकलं. पडद्यावर एकतीस दांड्या उभ्या राहिल्या, वर-खाली सरकणाऱ्या.

"हे काय?"

"प्रत्येक दांडी एकेका उंचीच्या सुराची. ही डावीकडची खालच्या सुराची, ढोलाची. ही उजवीकडची एकदम बारीक, घुंगरांची. दांडी वर सरकवली की तेवढाच सूर वाढतो, बाकीचे आहेत तिथंच राहतात."

चाचांनी खिशातला कागद काढला. घडी उलगडली. पडद्याशेजारी धरला आणि कितीतरी वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिले.

"टीचर," ते म्हणाले, "या दांड्या माझ्या रेघेच्या उलट्या लावल्या तर?"

मी कॉम्प्युटर शिकवायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

तीन आठवडे लागले. मी बारीक-मोठे नुसते सूर वाजवायची, टूं, टीं, टिं, आणि ऐकू आलं की चाचा हात वर करायचे. मग ती दांडी किंचित वर. डावा कान वेगळा, उजवा वेगळा. बाकीची मुलं टायपिंग करत असायची आणि शेवटच्या खुर्चीवर हा माणूस डोळे मिटून शाळेतल्या पोरासारखा हात वर-खाली करत असायचा. एका दुपारी मी सगळ्या दांड्या जागेवर लावल्या आणि त्यांच्या आवडीची एक जुनी कव्वाली लावली. चाचा ऐकत बसले. मग ताडकन उठले. हेडफोनची वायर ताणली गेली.

"सारंगी!" ते ओरडले. कानावर हेडफोन असल्यामुळं आपण किती मोठ्यानं ओरडतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. "टीचर, इसमें सारंगी है! गेली!.. नाय, हाय, हाय! आली वापस!"

सगळ्या क्लासचं टायपिंग थांबलं. चाचा खाली गेले आणि थोड्या वेळानं सगळ्यांसाठी गरम इमरती घेऊन आले. मुलांनी विचारलं, काय आहे चाचा आज? ते म्हणाले, "पाहुणी आली."

दुसऱ्या दिवशी बघते तर लॅपटॉपच्या वरच्या रांगेतलं एक बटन गायब. आवाज वाढवायचं. चाकूच्या टोकानं त्यांनी स्वतःच उचकटून काढलं होतं. कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की, दांड्या लावा पण आवाज मोठा करू नका, उरलेलंही जाईल. चाचांचा स्वतःवर भरवसा नव्हता. "चांगलं गाणं लागलं की हात आपोआप तिकडं जातो," ते म्हणाले. "आवाजानंच तर खाल्लंय. आता बटनच नाय तर हात जाऊन करील काय?"

मग तो लॅपटॉप त्यांच्या अंगावरच राहायला लागला. चाचींनी जुन्या रेनकोटची पिशवी शिवली. गळ्यात पट्टा, छातीवर लॅपटॉप, वर पिशवीतून बाहेर आलेली हेडफोनची वायर. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, ही त्यांची मोठी अडचण होती. झाकण मिटूनही गाणं चालू राहील अशी सेटिंग मी करून दिली तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्याकडून शिकलेल्या सगळ्या विद्येत हीच त्यांना थोर वाटायची. त्यानंतर भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, डॉक्टरकडं, सिटी बसमध्ये, चाचा आणि त्यांच्या छातीवरचं गाणं. ओळखीचे लोक थट्टा करायचे, "काय चाचा, हार्ट बंद पडलं का, मशीन बाहेरून लावलंय?" चाचा ऐकू आलं नाही असं दाखवायचे. ही एक सोय त्यांना कायमची होती.

फोन का नको, याची त्यांच्याकडं बोटांशिवायही कारणं होती. "फोनवर गाना लावला की साडूचा फोन येतो. याच्यात साडू येत नाय." आणि लॅपटॉप इतका हलका, इतका स्वस्तातला का? तर म्हणायचे, "हे बिचारं काहीच धड करत नाय. व्हिडिओ अडकतो, दोन खिडक्या उघडल्या की बेशुद्ध पडतं. म्हणून तर पोरांनी सोडून दिलं. पण गाण्याला लागतंय काय? गाण्यापुरतं हे बादशाह हाय."

एकदा मी आणि ते नवीन हेडफोन बघायला निघालो होतो. क्रांती चौकात त्या दिवशी बंदोबस्त होता. एका हवालदारानं चाचांना अडवलं. छातीवर पिशवी, पिशवीतून वायर, अडवणारच.

"काय हाय त्यात?"

चाचा गाण्यात. चालतच राहिले. हवालदार पुढं आला आणि खांद्याला धरून थांबवलं. आजूबाजूला माणसं गोळा झाली. मी घाईघाईनं सांगायला लागले, पण चाचांनी मला हातानं थांबवलं, पिशवी उघडली आणि हेडफोन काढून सरळ हवालदाराच्या पुढं धरला.

"गाना हाय, साहेब. बघा."

हवालदारानं एक कान लावला. मग दुसरा. चाचा त्याच्याकडं निरखून बघत होते. "चौकात किती वर्षं झाली, साहेब?"

"वीसेक. का?"

चाचांनी पिशवीतच झाकण उघडून बटनांनी दोन दांड्या सरकवल्या. हवालदाराच्या कपाळाला आठी पडली. "हे मागं छन्‌छन् काय वाजायलंय?"

"घुंगरू. आधीपासून होते."

चाचांनी त्याला आपल्या रेघेतला खड्डा दाखवला आणि क्लासचा पत्ता सांगितला. पुढच्या आठवड्यात तो वर्दीवरच आमच्या क्लासच्या दारात हजर झाला. पोरं घाबरून उभी राहिली. "ते खड्डेवाले चाचा कुठं बसतात?" त्यानं विचारलं.

तोपर्यंत चाचांना सगळीकडं खड्डेच दिसायला लागले होते. वाळूजला प्रेसवर काम केलेली त्यांची पिढी बजाजनगरमध्ये घरोघरी होती. बहुतेकांच्या घरी टीव्ही मोठा, बोलणं कमी. चाचा त्यांना आधी दवाखान्यात तपासायला पाठवायचे, "रेघ आण, मग बघू" म्हणायचे. आणि लॅपटॉप? ते घरातच पडलेले होते. लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा कामगारांनी कसेबसे असले छोटे लॅपटॉप मुलांना घेऊन दिले होते. शाळा उघडल्या आणि ते कपाटावर गेले. चाचा दारात उभं राहून विचारायचे, "पोराच्या शाळेचा लॅपटॉप हाय का?" आणि आयाबाया फडक्यानं धूळ पुसत तो काढून आणायच्या.

मी बजाजनगरमध्येच राहायची, हे चाचांना माहीत होतं. माझे वडील प्रेसवर होते, हेही माहीत होतं. पण आमच्या घराबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही कधी काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं काही आहे हेच मला कळलेलं नव्हतं.

एक दिवस ते हवालदाराला समजावत होते की, कान जायला लागले की आधी बारीक अक्षरं जातात. स, श, फ. "समोरचा सात बोलतो, आपल्याला नुसतं आत ऐकू येतं." मी हसले. मग हसू तोंडावरच राहिलं. आमच्या घरी मायनं आण्णांना पाखडायला सूप मागितलं की ते तुपाचा डबा आणून द्यायचे. आम्ही सगळे हसायचो. आण्णाही हसायचे. कितीतरी वर्षं तो आमच्या घरातला विनोद होता.

त्या दिवशी मी चाचांना सगळं सांगितलं. आण्णा पैठणकडचे, घरची मेंढरं. अठराव्या वर्षी वाळूजला आले तोवर रानात मेंढरांमागं हिंडलेले, आणि कमरेला कायम पावा. गावात ढोल वाजला की त्यासोबत आण्णांचा पावा असायचाच. मी लहान असताना रविवारी सकाळी ते दारात बसून वाजवायचे. मग एकदा म्हणाले, हा पावा बसला, वरच्या सुराला जात नाय. नवीन आणला. थोड्या दिवसांनी तोही बसला. असे सात पावे आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पडले होते. माय म्हणायची, "चांगले तर वाजायलेत की." आण्णा म्हणायचे, "तुला काय कळतं त्यातलं?" शेवटी त्यांनी पावा आणणं बंद केलं. ढोलाच्या वेळी गावाला जाणंही बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, आता पहिल्यासारखे बांबू मिळत नाहीत.

चाचांनी हेडफोन गुंडाळला, पिशवीत ठेवला, चेन लावली. मग म्हणाले, "टीचर, सातही पावे चांगले हायेत."

पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले. मी त्यांना आधीच बजावलं होतं की, आण्णांपुढं कानाचा विषय काढला तर ते उठून बाहेर जातील. दोनदा तसं झालं होतं. "मला काय झालंय? लोकंच तोंडातल्या तोंडात बोलायलेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाचांनी चहा घेतला, कंपनीच्या गप्पा काढल्या, कुणाचं कोणतं बोट कोणत्या मशीनवर गेलं ते एकमेकांना दाखवून झालं. मग चाचा जरा पुढं सरकून म्हणाले, "एक काम हाय भाऊ तुमच्याकडं. माझा कान गेलाय. या मशीनवर जरा ठीक केलाय. पण बासरी बरोबर यायली का नाय, ते कळंना. वाजवनारा मानूस पाहिजे."

आण्णा लगेच उठले नाहीत. मायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पावे बसलेत सगळे," ते म्हणाले.

"बसलेला द्या. मला चालतोय."

मायनं फळीवरचा एक काढून दिला, पदरानं पुसून. आण्णांनी तो ओठाला लावला. इतक्या वर्षांनीही बोटं आपापल्या भोकांवर जाऊन बसली. खालचे सूर वाजले. गावाकडची चाल होती, संध्याकाळी मेंढरं वाड्याकडं वळवताना वाजवतात ती. अर्ध्यावर आण्णा थांबले.

"याच्या फुडं हा वाजत नाय."

"तरी वाजवा."

"अहो, हवाच जाती नुसती."

"जाऊ द्या ना भाऊ हवा. तुमच्या बापाचं काय जायलंय?"

आण्णांनी रागानंच फुंकर मारली. आणि पावा वर गेला. स्वच्छ, बारीक, अगदी टोकाला. मी आणि माय एकमेकींकडं बघत राहिलो. आण्णांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी ती फुंकर पूर्ण केली, पावा खाली घेतला आणि म्हणाले, "बघा. म्हटलं नव्हतं?"

चाचांनी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. सगळं रेकॉर्ड झालं होतं. "आता तुम्ही सांगा, बरोबर आलंय का," असं म्हणत हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला आणि गाणं सुरू केलं. आण्णा ऐकत होते. चाल अर्ध्यावर आली. चाचांनी एक दांडी वर घेतली. काही नाही. आणखी एक. मग तिसरी, हळूहळू, अर्ध्या बोटानं.

आण्णांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला.

चाल संपली. आण्णांनी हेडफोन काढून हातातल्या पाव्याकडं बघितलं, उलटा करून आत बघितलं. "परत लावा," म्हणाले. पुन्हा ऐकलं. मग उठले, स्टूल ओढलं, फळीवरचे उरलेले सहाही पावे काढले आणि चाचांच्या समोर मांडले. एकेक वाजवायचा, चाचांनी रेकॉर्ड करायचं, मग ऐकायचं. "हा बी चांगलाय," आण्णा म्हणत होते. "हा बी. अरे, हा तर लईच चांगलाय." सातवा झाल्यावर ते मायकडं वळले.

"तू खरं सांगत होतीस."

"बारा वर्षं सांगायले," माय म्हणाली, आणि चहाचं आधण टाकायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

वाजवतानाच ऐकू यावं, हे मात्र जमेना. चाचांनी पंधरा दिवस खटपट केली. माईक लावला, हेडफोन लावला, पण सूर त्या लहानशा लॅपटॉपमधून फिरून यायला जरा उशीर करायचा. बोट पुढं, सूर मागं. आण्णा वैतागायचे. शेवटी तेच म्हणाले, "राहू द्या. आधी वाजवीन, मग ऐकीन. बोटं ओळखत्यात त्यांचं काम." आणि तसंच सुरू झालं. संध्याकाळी दारात बसून आण्णा वाजवायचे आणि मग डोळे मिटून तेच ऐकायचे. चूक सापडली की स्वतःलाच शिवी द्यायचे, आणि पुन्हा वाजवायचे. त्यांनी दवाखान्यात जाऊन स्वतःची रेघही आणली. चाचांच्या रेघेशेजारी ठेवून दोघं बघत बसायचे, कुणाचा कडा जास्त खोल ते.

चाचांनी आता एकच सूर लावला होता. सगळ्यांनी मिळून ऐकायचं. "एकट्यानं ऐकणं म्हणजे एकट्यानं जेवणं," ते म्हणायचे. एक ना एक दिवस सगळे खड्डेवाले एका जागी बसतील आणि एकच गाणं, एकाच वेळी, प्रत्येकजण आपापल्या दांड्यांनी ऐकेल. लोक हसले. सगळ्यात जास्त हसले लीडर काका. ते एकेकाळी युनियनमध्ये होते. गेटवर बिनामाईकचं भाषण करायचे असा त्यांचा लौकिक, आणि अजूनही ते त्याच आवाजात साधी विचारपूस करायचे. "बहिऱ्यांचा ऑर्केस्ट्रा काढायला का चाचा?" त्यांनी भर रस्त्यात विचारलं. चाचांनी नेहमीप्रमाणं ऐकू न आल्याचं दाखवलं. पण मला म्हणाले, "हा मानूस इतका मोठ्यानं का बोलतो, विचार कर."

मग एका सकाळी लीडर काकांची सून आमच्या दारात आली. तिच्या हातात शाळेचा लॅपटॉप होता आणि वर घडी घातलेला रेघेचा कागद. "मामंजींनी दिलंय," ती म्हणाली. "पण त्यांनी दिलंय असं सांगू नका म्हणालेत."

तो रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. बजाजनगरमधलं मोकळं मैदान, कडेला कडुलिंबाची झाडं, खाली पसरलेल्या सतरंज्या. अकरा माणसं मांडी घालून बसली होती. दहा प्रेसवरची आणि एक हवालदार, आज साध्या कपड्यांत. प्रत्येकासमोर एकेक इवलासा लॅपटॉप. कुणाच्या झाकणावर फुलपाखरं, कुणाच्या पाढ्यांचा तक्ता चिकटवलेला. सगळ्या लॅपटॉपवर मी आदल्या दिवशी एकच गाणं टाकून ठेवलं होतं. आण्णांचा पावा, तीच मेंढरं वळवायची चाल, अख्खी. आण्णा पांढरा सदरा घालून मधोमध बसले होते आणि त्यांच्या पायाचा अंगठा सारखा हलत होता. लीडर काका अगदी कडेला, पाठ वळवून, आपण सहज इथं टेकलोय अशा बेतानं. मैदानावर क्रिकेट खेळणारे थांबले होते. बायका गॅलऱ्यांत आल्या होत्या. माय गर्दीत मागं उभी होती, पदर दातात धरून.

चाचा पुढं उभे राहिले. छातीवरची पिशवी आज नव्हती. त्यांनी हात वर केला. एक, दोन, तीन, अर्ध्या बोटांसकट मोजले आणि हात खाली आणला. अकरा जणांनी एकदम बटन दाबलं.

मैदानावर काहीच ऐकू येत नव्हतं. लांब कुठंतरी एक कुकर, रस्त्यावरची रिक्षा, एवढंच. अकरा माणसं पडद्याकडं न बघता समोर बघत होती. चाल मला पाठ होती. इतक्या संध्याकाळी ऐकलेली. पण आता ती कुठवर आली आहे हे मला नुसत्या चेहऱ्यांवरून कळत होतं. खालचे सूर चालले होते, मेंढरं रानात पसरलेली होती, माना संथ हलत होत्या. हवालदाराचे डोळे मिटले. आण्णांची बोटं गुडघ्यावर एकेक भोक उघडत होती, मिटत होती.

"चाचा, तुमचा लॅपटॉप?" मी हळूच विचारलं.

त्यांनी त्या अकरा चेहऱ्यांवरची नजर माझ्याकडं वळवलीसुद्धा नाही. "चूप. आता येईल."

आणि आला. एकाच क्षणी अकरा माना वर उचलल्या गेल्या, वाऱ्यासरशी पीक वर उठतं तशा. कुणाचं तोंड उघडं राहिलं. आण्णांनी दोन्ही हात हेडफोनवर नेले. आणि कडेला पाठ वळवून बसलेले लीडर काका गुडघ्यावर हात टेकून उठले, आमच्याकडं वळले, आणि गेटवर कधी दिली नसेल एवढ्या मोठ्यानं त्यांनी आरोळी ठोकली.

"आला रं! वर गेला! ऐकायलाव का, पावा वर गेला!"

झाडांवरची पाखरं उडाली. हेडफोन लावलेल्या दहा जणांपैकी कुणालाच ती आरोळी ऐकू गेली नाही. तरी सगळे एकदम ओरडले, "आला!"